फक्त टॅब बघून गिटारवर बेंडिंग शिकता येतं का? (ठाण्यात राहतो, क्लास लावलेला नाही)

येतं की. बेंडिंग म्हणजे दाबलेली तार बाजूला ढकलून सूर चढवणं. फक्त टॅबमध्ये (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं असतं, त्यात) कुठपर्यंत पोचायचं तेवढंच लिहिलेलं असतं, हात कसा लावायचा ते आपलं आपण बघायचं. तिसऱ्या तारेवर ७, पुढे बी आणि मग ९ दिसलं म्हणजे बोट सातव्या फ्रेटवरच (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) ठेवून तार ढकलत आवाज नवव्याचा आणायचा. आकड्यापुढे वर जाणारा बाण काढून त्यावर फुल लिहिलं असेल तरी तेच, अर्धा असेल तर एकाच फ्रेटएवढं वर, आणि आर आला की तार सैल सोडत मूळ सुरावर परत. सतारीची मींड ऐकली असेल तर लगेच डोक्यात बसेल.

आधी नववा फ्रेट साधा वाजवा, तो सूर गुणगुणा आणि मग सातव्यावरून तिथे पोचा. फोनवर ट्यूनर (सूर दाखवणारं ॲप) लावून ठेवा, काटा डी वरून (सातव्याचा सूर) ई वर (नवव्याचा) जायला हवा, बऱ्याच जणांचा थोडा खालीच अडकतो आणि तेच बेसूर लागतं. अनामिकेने दाबा, मागची दोन बोटं (तर्जनी आणि मधलं) पण त्याच तारेवर टेकवा, अंगठा नेकच्या (दांडीच्या) वरून आणि जोर मनगट फिरवून द्या.

अकूस्टिकवर १२ चा सेट (आकडा तारांच्या जाडीचा, मोठा तितक्या जाड) असेल तर फुल बेंडचा हट्ट सोडा, त्यात तिसरी तार बहुतेक गुंडाळीवाली (वरून बारीक तार गुंडाळलेली) असते, हलतच नाही बिचारी. इलेक्ट्रिकला ९ चा लावा. आणि हो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तारा गंजतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा नाहीतर बेंड करताना बोटं सोलून निघतील.