सोपा थ्रो

"मॅडम, अंग झोकून देऊन चेंडू अडवतो. आणि मग समोर उभ्या असलेल्या पोराला साधा चेंडू देता येत नाही त्याला!"

न्यू जर्सीतले एक मराठी बाबा व्हिडिओ कॉलवर अगदी वैतागले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा सोळा वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक. (बेस म्हणजे धावताना गाठायचे थांबे.) दोन महिन्यांपासून फलंदाजाला बाद करायला पहिल्या बेसकडे टाकलेला त्याचा चेंडू कधी मातीत जाई, कधी थेट प्रेक्षकांत. उपाय म्हणून बाबा रोज संध्याकाळी दोनशे थ्रो मोजून करून घेत होते. आईला एवढंच विचारायचं होतं : हे कायमचं तर नाही ना?

दोन बेसमधलं अंतर 90 फूट. सेकंड बेसमन पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या दरम्यान, जरा मागे उभा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपला लांबून, घाईत फेकावं लागतं. सेकंड बेसमनला मात्र अनेकदा क्षणभर वेळ मिळतो, आणि तिथेच घात होतो. हाताचं काम डोकं हिसकावून घेतं. जिना उतरताना एकेका पायरीचा विचार करून बघा, अडखळाल. खेळाडू याला ‘यिप्स’ म्हणतात. यावर रोजचे दोनशे थ्रो म्हणजे आगीत तेल.

मी त्यांना स्टीव्ह सॅक्सबद्दल सांगितलं. लॉस एंजेलिस डॉजर्सचा हा सेकंड बेसमन 1982 मध्ये नॅशनल लीगचा (अमेरिकेतल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एक) रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदित खेळाडू होता आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावावर 30 एरर्स, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका, लागल्या. पहिल्या बेसमागचे प्रेक्षक गंमत म्हणून हेल्मेट घालून बसायचे! त्याच काळात वडील त्याला म्हणाले, मलाही शाळेत असताना हेच झालं होतं, एक दिवस आपोआप गेलं. थोड्याच दिवसांत ते वारले. त्यांना असं कधीच काही झालं नव्हतं, हे सॅक्सला पुढे आईकडून कळलं. हा किस्सा तो स्वतःच सांगतो. तोवर हात पूर्ववत झाला होता. 1988 ची वर्ल्ड सिरीज त्याने डॉजर्सबरोबर जिंकली आणि 1989 मध्ये, न्यूयॉर्क यँकीजकडून खेळताना, दुसऱ्या म्हणजे अमेरिकन लीगच्या सेकंड बेसमनांत सर्वांत अचूक क्षेत्ररक्षण त्याचंच होतं. 1994 पर्यंत तो खेळला.

सगळ्यांचंच असं होत नाही, हेही मी लपवलं नाही. चक नॉब्लॉक हा गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवलेला सेकंड बेसमन, पण 2001 मध्ये यँकीजनी त्याला सेकंड बेसवरून काढून लेफ्ट फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या डाव्या भागात पाठवलं.

"मग मीही असंच काहीतरी ठोकून देऊ का?" बाबांनी विचारलं.

सॅक्सच्या वडिलांचं खोटं मला आवडतं, पण सल्ला म्हणून द्यायला जीभ रेटेना. शिवाय सोळा वर्षांची मुलं लगेच ओळखतात. म्हटलं, "खरं काहीच नाही का तुमच्याकडे?"

ते गप्प. स्क्रीनबाहेरून आईचा आवाज आला, "इंजिनिअरिंगची व्हायवा सांगा की!"

स्वतः बनवलेल्या प्रोजेक्टवर पहिलाच प्रश्न, आणि या गृहस्थांना त्याचं नावही आठवेना. मुलाला हे कधी सांगितलंच नव्हतं. मी दोनच गोष्टी सुचवल्या : मोजणी बंद, आणि चेंडू टाकताना गप्पा मारायच्या, बेसबॉल सोडून.

तीन आठवड्यांनी बाबांचा मेसेज आला. "आज चार-पाच तरी चुकले असतील. मधेच थांबून विचारतो, बाबा, मग त्या एक्झॅमिनरने काय केलं?"