सिकलसेलच्या संशोधनासाठी मुलीचे रिपोर्ट आणि रक्त द्यावं का?

ताई, तुमची मुलगी एसएस आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेल आलेली, आजार असलेली, नागपूरच्या दवाखान्यात तिचे रिपोर्ट आणि रक्ताचा नमुना संशोधनासाठी मागितलाय, आणि तुम्हाला भीती वाटते की उद्या तिच्या लग्नात हे आडवं येईल. माझं मत, द्या. फक्त ओपीडीच्या रांगेत उभ्याउभ्या सही करू नका. कागद घरी आणा.

माझा भाऊ एसएस आहे. थंडीत सांधे धरले की रात्रभर आम्ही शेकत बसायचो. हायड्रॉक्सीयुरिया सुरू झालं आणि ते अटॅक कमी झाले. हे औषध चालतं, हे 1995 साली अमेरिका-कॅनडातल्या 299 रुग्णांनी भाग घेतलेल्या चाचणीतून सिद्ध झालं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर?

पण तुमची भीती खोटी नाही. मी इथल्याच एका संस्थेच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनात लोकांचं नुकसान होत नाही ना हे बघणाऱ्या समितीत, सामान्य नागरिक म्हणून बसते; आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमांनुसार असा बाहेरचा माणूस लागतोच. एकदा आमच्यापुढे यादी आली. ‘नावं काढलीत’ म्हणाले. एका ओळीत गाव, वय 19, स्त्री, जात, एसएस. गाव साठेक घरांचं, त्यात त्या जातीची घरं दोनच. नाव कशाला लागतं? पानठेल्यावरच्या कोणीही सांगितलं असतं, ही कोणाची पोरगी. आम्ही गाव काढून जिल्हा ठेवायला लावला, वयाचे पाच-पाच वर्षांचे गट केले. जातीवर मात्र बराच वेळ अडलो. आजार कोणत्या समाजात किती आहे हे कळलं नाही, तर तपासणीची शिबिरं कुठे घ्यायची? शेवटी जात ठेवली. तो निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो, पण त्या रात्री झोप आली नाही.

रक्ताचं वेगळं आहे, ते वर्षानुवर्षं टिकतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई नावाच्या आदिवासींनी 1990 पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. तेच पुढे स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरलं, त्यांना न विचारता. प्रकरण कोर्टात गेलं, 2010 मध्ये तडजोड झाली. आपल्याकडे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला, ठरलेली मानकं पाळली तर, बरीच सूट आहे. म्हणून कागदावर काय लिहिलंय ते नीट बघा : यादीत गावाचं नाव राहणार का, नमुना दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, बाहेर कोणाला देणार का, आणि नंतर नको वाटलं तर कोणाला सांगायचं. संमती कधीही मागे घेता येते आणि त्यामुळे उपचार अडवता येत नाहीत.

अशाच कागदावर माझ्या भावाने रिपोर्टच्या आणि नमुन्याच्या रकान्यात टिक केली, ‘पुढील कोणत्याही संशोधनासाठी’ हा रकाना रिकामा सोडला. सिस्टरने विचारलं, ‘हे काहून सोडलं?’ तो म्हणाला, ‘तेव्हा परत विचारा, सांगीन.’ पुढच्या सोमवारी त्याला गोळ्या नेहमीसारख्याच मिळाल्या.