कॅबिनेट न कापता तापमान उतरवायचं असेल तर पंखे घेण्याआधी हे करा

प्रश्न थोडक्यात असा: समोर काच असलेलं मिड-टॉवर कॅबिनेट, पुढे १२० मिमीचे दोन पंखे, मागे एक. गेममध्ये प्रोसेसर ८८ आणि ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांवर जातं. कॅबिनेटला भोकं पाडायची नाहीत, तर वरच्या बाजूला आणखी तीन पंखे लावावेत का?

नका लावू, निदान आत्ता तरी. हवा अडते आहे की कूलरच प्रोसेसरची उष्णता नीट उचलत नाही, हे आधी कळायला हवं, आणि ते एक पैसा न घालवता कळतं. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून एकच गेम एकाच ठिकाणी २० मिनिटं चालवा आणि खोलीचं तापमानही लिहून ठेवा. मग साइड पॅनल काढून तेच पुन्हा करा. तिसऱ्या वेळी साइड पॅनल लावा आणि फक्त समोरची काच काढा. बहुतेक कॅबिनेटमध्ये ती क्लिपांवर असते, पण पॉवर बटणाच्या किंवा दिव्यांच्या वायरी तिला जोडलेल्या असू शकतात, म्हणून झटका देऊन ओढू नका. तुलना करताना आकड्यातून खोलीचं तापमान वजा करा, नाहीतर दुपारची चाचणी आणि रात्रीची चाचणी यांचा मेळ लागणार नाही.

पॅनल काढल्यावर ७-८ अंश किंवा जास्त उतरले, तर कॅबिनेट गुदमरतंय. फक्त काच काढूनही जवळजवळ तेवढाच फरक पडला, तर दोष काचेच्या कडेच्या अरुंद फटीचा आहे. माझ्या मते तुमच्याकडे हेच निघेल. पंखे कितीही वाढवले तरी ती फट रुंद होत नाही. आणि वर तीन पंखे लावले की बाहेर फेकणारे चार, आत ओढणारे दोन, तेही काचेमागे. मग कॅबिनेट उरलेली हवा मागच्या फटींतून, फिल्टर नसलेल्या जागांतून ओढतं. धूळ वाढते आणि ग्राफिक्स कार्डला ताजी हवा कमीच मिळते. वरचा, पुढच्या टोकाचा पंखा तर समोरून आलेली गार हवा कूलरपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर काढतो. वर लावायचाच असेल तर एकच, आणि तोही मागच्या टोकाला.

त्याऐवजी त्याच मॉडेलचं जाळीचं फ्रंट पॅनल मिळतं का ते बघा. मिळालं तर बाकी कशाहीपेक्षा जास्त फरक त्याने पडेल. समोर पंख्याच्या तीन जागा असून दोनच पंखे असतील, तर तिसरी रिकामी जागा आतून पुठ्ठा लावून बंद करा. ती उघडी राहिली की आतली गरम हवा तिथून काचेमागे येते आणि तेच पंखे ती पुन्हा आत ओढतात. वापरात नसलेला हार्ड डिस्कचा पिंजरा स्क्रू काढून बाहेर ठेवा. कॅबिनेटच्या मागे १०-१५ सेंटीमीटर जागा हवी, आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) खालून हवा घेत असेल तर ते गालिच्यावर नको. केबल बांधण्यावर लोक तासन्‌तास घालवतात. पंख्यासमोर जुडगा लोंबत नसेल तर तापमानात त्याने फारसा फरक पडत नाही.

प्रत्येक पंख्याची दिशाही तपासा. ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

सफाई करताना फक्त फिल्टर झटकून थांबू नका. कूलरचा पंखा उतरवा. पंखा आणि हीटसिंकची (कूलरच्या धातूच्या भागाची) पाती यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो आणि तो बाहेरून दिसतच नाही. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा ठरलेल्या वेगापेक्षा जोरात फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं.

पॅनल काढूनही प्रोसेसर २-३ अंशच उतरला, तर कूलर उघडा. एएम४ सॉकेटच्या रायझनवर (एएमडीचे प्रोसेसर) इथेच नुकसान होतं: थंड कूलर सरळ वर ओढला की दोघांमधल्या सुकलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी १० मिनिटं लोड द्या, मशीन बंद करून वीज काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सैल करा. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मध्ये वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला तर दाब तिरका पडतो आणि एकाच बाजूचे कोअर तापतात. नव्या कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढलंय ना, हेही बघा. ही चूक वाटते त्यापेक्षा खूप जास्त वेळा होते.

यानंतर पंख्यांचा वेग. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) चार पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनेच्या सिग्नलने वेग ठरतो) आणि तीन पिनांचा डीसीवर (व्होल्टेजने वेग ठरतो) ठेवा. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर ठेवला तर तो सतत पूर्ण वेगाने ओरडतो. गेममध्ये खरी उष्णता ग्राफिक्स कार्ड सोडतं, पण मदरबोर्ड बहुधा कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालवतो. फॅन कंट्रोल हे सॉफ्टवेअर वापरून समोरचे पंखे ग्राफिक्स कार्डच्या तापमानाला जोडा. स्प्लिटर (एका जागी अनेक पंखे जोडणारी वायर) लावण्याआधी मदरबोर्डच्या पुस्तिकेत हेडरची (पंखा जोडायच्या पिनांची) मर्यादा वाचा. ती बऱ्याचदा १ अँपिअर असते, आणि पंख्यांच्या लेबलांवरचे अँपिअर मिळवून बेरीज त्याच्या आत राहायला हवी.

शेवटी उष्णता मुळातच कमी करा. १०५ वॉट टीडीपीचा (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) रायझन प्रत्यक्षात १४२ वॉटपर्यंत घेतो. इको मोडमध्ये (रायझनची कमी विजेची सेटिंग) ६५ वॉट टीडीपीचा पर्याय निवडला की ती मर्यादा ८८ वॉट होते. गेममध्ये बहुतेकदा फरक जाणवतही नाही. ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ८५ टक्क्यांवर आणा आणि फ्रेम मोजा. घट सहसा काही टक्क्यांचीच असते. मात्र रायझन ७००० मालिकेत पूर्ण लोडवर ९५ अंश दिसले तर घाबरू नका. तो तिथवर जायलाच बनवलेला आहे, आणि कूलिंग सुधारल्यावर तापमान तेच राहून क्लॉक (प्रोसेसरचा वेग) वाढू शकतो. म्हणून नोंद करताना अंशांच्या शेजारी वॉट आणि क्लॉकही लिहा.