मोटारींची आवड आणि मोटार डिझाइनचे शिक्षण : नागपूरच्या एका पालकांच्या पत्रास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपण हिंगणा औद्योगिक वसाहतीत यंत्र अभियंता आहात. आपली कन्या अकरावी विज्ञान शाखेत शिकते, तिने चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा ‘अ’ श्रेणीत उत्तीर्ण केली आहे आणि तिला पुढे मोटारींचे डिझाइन शिकायचे आहे. तिच्या वह्या जपानी वळणाच्या, धारदार कडांच्या आणि बारीक दिव्यांच्या गाड्यांनी भरलेल्या असतात, तर आपण अनेक वर्षे जिवापाड जपलेल्या आपल्या स्कोडा ऑक्टाव्हियाकडे बोट दाखवून ‘गाडी कशी भारदस्त दिसली पाहिजे’ असे तिला सांगता. हा वाद घरापुरता होता तोवर त्यात गंमत होती. परंतु प्रवेश परीक्षेच्या शिकवणी वर्गातील एका शिक्षकांनी ‘परीक्षकांची अभिरुची युरोपीय असते, जपानी पद्धतीची चित्रे दाखवलीस तर गुण जातील’ असे सांगितल्यापासून तिचा हात आखडला आहे. तिने आवड बदलावी का, या क्षेत्रात पोट भरते का आणि आधी अभियांत्रिकीची पदवी घ्यावी का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. बारावीनंतर आयआयटी आणि इतर काही संस्थांतील बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी जी ‘यूसीड’ प्रवेश परीक्षा होते, ती एकूण ३०० गुणांची असते. त्यांपैकी २०० गुणांचा भाग संगणकावर सोडवायचा असतो आणि उरलेल्या १०० गुणांसाठी एका तासात कागदावर हाताने चित्र काढून व कल्पना मांडून दाखवायची असते. यात कोणत्या देशाची गाडी आवडते हे विचारले जात नाही. वस्तू अवकाशात कशी बसते, प्रमाण कसे पकडले आहे आणि दिलेल्या अडचणीवर विद्यार्थ्याने काय मार्ग काढला आहे, हे पाहिले जाते. एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, परीक्षा दोन टप्प्यांची असते आणि तिचाही रोख तोच असतो. पुढे केव्हा मुलाखतीत आवडीचा विषय निघालाच, तर परीक्षक आवड ऐकून घेतात आणि लगेच ‘का’ असे विचारतात. ‘दिसायला छान आहे’ एवढेच उत्तर असेल तर गाडी जपानी असो की जर्मन, तेथे गाडे अडते. आपल्या मुलीला तयारी करायची आहे ती या ‘का’ची.

आपल्या ऑक्टाव्हियापासूनच सुरुवात करू. ती चेक कंपनीची गाडी आहे, जर्मन फोक्सवॅगन समूहाच्या सांगाड्यावर उभी आहे आणि तिची पहिली पिढी डर्क व्हॅन ब्रेकेल या बेल्जियन डिझायनरच्या देखरेखीखाली घडली. तिचे इंजिन आडवे, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने, बसवलेले आहे आणि पुढची चाके गाडी ओढतात. आपल्या पत्रात मुलीच्या काकांकडील २००६ च्या पिढीच्या ज्या होंडा सिव्हिकचा उल्लेख आहे, तिची मांडणीही हीच आहे. युरोपीय गाडीचा जो ‘लांब नाकाचा’ रुबाब आपल्याला अभिप्रेत आहे, तो मुख्यतः इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवून मागची चाके फिरवणाऱ्या बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीजच्या गाड्यांचा आहे, कारण त्या मांडणीत पुढचे चाक दारापासून बरेच पुढे सरकवता येते. आपण अभियंता आहात, तेव्हा टेप घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या दाराच्या पुढील कडेपर्यंतचे अंतर आपल्या आणि काकांच्या गाडीवर मोजा, आणि संधी मिळाल्यास एखाद्या बीएमडब्ल्यू थ्री सीरिजवरही मोजा. पहिल्या दोघी एकमेकींच्या जवळच्या निघतील आणि तिसरी वेगळी पडेल. आपल्या घरातील वाद ज्याला दोन खंडांच्या अभिरुचीचा वाद समजतो, त्यातला बराचसा भाग इंजिन कोणत्या दिशेने बसवले आहे याचा आहे.

जपानी बाजूचेही तसेच आहे. जपानमध्ये गाडीचा वर्ग तिच्या आकारावरून ठरतो. ४.७ मीटर लांबी, १.७ मीटर रुंदी, २ मीटर उंची आणि २००० सीसी या मर्यादांच्या आत बसणारी पेट्रोल गाडी लहान वर्गात मोडते. त्याखालच्या ‘केई’ वर्गात तर लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० सीसी यांपलीकडे जाता येत नाही. आता दोन माणसे शेजारी बसवून, दोन्ही दारांची जाडी वजा करून १.७ मीटरच्या आत राहायचे म्हटल्यावर पत्र्याला बाहेर फुगायला जागा कितीशी उरणार? युरोपीय डिझायनर जेथे दाराच्या पत्र्याला मांसल गोलाई देऊन त्यावर प्रकाश खेळवतो, तेथे जपानी डिझायनरच्या हाती थोडे मिलिमीटर असतात, आणि एवढ्या जागेत सावली निर्माण करण्याचा हुकमी मार्ग म्हणजे पत्र्याला धारदार घडी घालणे. सगळ्या जपानी घड्यांचा उगम येथेच आहे असे मी म्हणणार नाही, कारण परदेशी बाजारासाठी बनवलेल्या रुंद गाड्यांवरही त्या भरपूर दिसतात. पण अरुंद गाडीवर बसलेला हात रुंद गाडीवरही तसाच चालतो, असे माझे मत आहे. आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतील लहान इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क कमी केले आणि त्यानंतर डिकी छाटलेल्या सेडान आपल्या रस्त्यांवर आल्या. त्यांच्या बेढब पाठीला कोणा डिझायनरची वाईट अभिरुची कारणीभूत नव्हती. ही उदाहरणे मुलीच्या ओठांवर असावीत.

शिवाय ‘जपानी’ आणि ‘युरोपीय’ या पेट्या वाटतात तितक्या बंद नाहीत. १९६३ ची निसान ब्लूबर्ड इटलीच्या पिनिनफारिना या डिझाइन कंपनीने रेखाटली होती. १९६८ मध्ये विक्रीस आलेली इसुझू ११७ कूपे जोर्जेत्तो जुजारो या इटालियन डिझायनरच्या हातची होती, आणि त्याच जुजारो यांनी पुढे १९७४ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ घडवली. उलट दिशेनेही हे घडले : २००२ ची फेरारी एन्झो ज्यांच्या हाताखाली आकाराला आली ते केन ओकुयामा जपानी, आणि २००७ ची ऑडी ए-फाइव्ह रेखाटणारे सातोशी वादा हेही जपानी. २००० साली युरोपात ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट गाडी’ ठरलेली टोयोटा यारिस टोयोटाच्या युरोपातील स्टुडिओत सोतिरिस कोवोस या ग्रीक डिझायनरने काढली होती. आपली टाटा इंडिका तुरीनच्या एका संस्थेच्या मदतीने आकारास आली, आणि पिनिनफारिना आज महिंद्रा समूहाच्या मालकीची आहे. आपण नोकरी करता त्याच हिंगण्यात महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात, हे या संदर्भात सहज आठवले.

विचारलेच आहे म्हणून माझी पसंतीही सांगतो. बाजूने पाहताना मला युरोपीय गाड्या अधिक टिकाऊ वाटतात, दहा वर्षांनीही त्या फारशा जुन्या दिसत नाहीत. आणि अलीकडच्या अनेक जपानी गाड्यांची तोंडे मला उगाच डोळे वटारल्यासारखी वाटतात. मात्र आतील जागेचा विचार, काचांचा मोकळेपणा आणि हाताला सहज सापडणारी बटणे यांत जपानी लहान गाड्यांनी जे करून ठेवले आहे, त्याला तोड नाही. ही एका मार्गदर्शकाची पसंती आहे. तिला गुणपत्रिकेत स्थान नाही आणि आपल्या पसंतीलाही नाही.

आता थोडे मुलीसाठी लिहितो, हा भाग तिला वाचायला द्यावा. बाळ, तुझी आवड बदलू नकोस, तिची झडती घे. रात्री इमारतीच्या पार्किंगमध्ये ट्यूबलाइटखाली उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीजवळ जा आणि दाराच्या पत्र्यावर पडलेले ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहत पुढून मागे हळूहळू चाल. पृष्ठभाग नीट घडवलेला असेल तर प्रकाशाची रेघ वाकेल, ताणली जाईल, पण पुढच्या दारावरून मागच्या दारावर जाताना तुटणार नाही. घडी असेल तेथे ती एकदम मोडून दुसऱ्या कोनात उडी घेईल. बाबांच्या गाडीवर आणि काकांच्या गाडीवर ही रेघ कशी जाते ते वहीत काढ, गाडी काढू नकोस, फक्त रेघ काढ. मग हेच पांढऱ्या गाडीवर करून पाहा. नागपूरच्या उन्हामुळे आपल्याकडे पांढऱ्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि पांढऱ्या रंगावर बारीक गोलाई जवळजवळ नाहीशी होते, घडीची सावली मात्र भर दुपारीसुद्धा ठळक राहते. उत्तर युरोपच्या ढगाळ, मंद प्रकाशात जो पत्रा जिवंत वाटतो, तो वर्धा मार्गावर दुपारी बाराला सपाट का दिसतो, याचा विचार करताना तुझ्या धारदार कडांच्या आवडीला एक चांगले कारण सापडेल. स्टुडिओतील मंडळीसुद्धा मातीचे मॉडेल अंगणात ढकलत नेऊन दिवसाच्या उजेडात पाहतात, ते याचसाठी.

दुसरे काम याच्या उलट, म्हणजे आवडीच्या गाडीला जाब विचारण्याचे. काकांच्या सिव्हिकची पुढची काच किती झोपलेली आहे आणि तिच्याखाली डॅशबोर्ड किती लांबवर पसरलेला आहे, हे तू पाहिले असशील. त्या गाडीला बाणासारखे रूप त्यातूनच मिळते. तीच गाडी मे महिन्यात सीताबर्डीच्या उघड्या पार्किंगमध्ये दोन तास उभी राहिल्यावर दार उघडून आजीला आत बसवायचे आहे, असे समज. ऊन कोठून येते, काय तापते, स्टिअरिंगला हात लावता येतो का, आजीला बसताना डोके किती वाकवावे लागते, हे बाजूने काढलेल्या एका साध्या आकृतीत दाखव आणि त्याच चेहऱ्याची, पण नागपूरच्या उन्हात वापरता येईल अशी गाडी काढून पाहा. तुझ्या संग्रहात समोरून तिरक्या कोनातील वीस चकचकीत चित्रे असण्यापेक्षा अशा एका प्रश्नाची सहा पाने अधिक बोलतील.

पोट भरण्याविषयी मी गुळमुळीत बोलणार नाही. संपूर्ण मोटारीचे बाह्यरूप ठरवणाऱ्यांच्या जागा देशभरात थोड्या आहेत, त्या मुख्यतः पुणे, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या परिसरात आहेत, आणि नागपुरात राहून हे काम करता येईल अशी आशा आज तरी धरू नये. परंतु एका गाडीमागे रेखाटन करणाऱ्यांपेक्षा इतरच माणसे अधिक लागतात : संगणकावर पृष्ठभाग काटेकोर बांधणारे, गरम करून मऊ केलेली माती थापून व खरवडून पूर्ण आकाराचे मॉडेल करणारे, रंग, कापड आणि पोत ठरवणारे, दिव्यांची रचना करणारे, पडद्यावरील सूचना आखणारे. दुचाकी, ट्रॅक्टर आणि बस यांनाही हीच माणसे लागतात. ‘मी सुपरकारच काढणार’ असा हट्ट असेल तर हे क्षेत्र निष्ठुर आहे. पत्र्यावरील ती रेघ सरळ करण्यात रस असेल तर काम मिळते.

अभियांत्रिकी आधी की डिझाइन, याबाबत दोन्ही रस्ते मळलेले आहेत. महिंद्राची एक्सयूव्ही ५०० घडवणाऱ्या रामकृपा अनंतन यांनी आधी पिलानीला यंत्र अभियांत्रिकी केली आणि मग आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिक्षण घेतले. टाटांच्या डिझाइन विभागाचे प्रमुख राहिलेले आणि २०२१ मध्ये महिंद्रात गेलेले प्रताप बोस एनआयडीतून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. एक गोष्ट लक्षात घ्यावी की एनआयडी आणि आयडीसी या दोन्ही ठिकाणी वाहन डिझाइनचा स्वतंत्र अभ्यासक्रम पदव्युत्तर पातळीवर आहे, त्यामुळे बारावीनंतर तेथे प्रवेश मिळाला तरी प्रथम सर्वसाधारण डिझाइनचीच पदवी घ्यावी लागते. बारावीनंतर थेट वाहन डिझाइनच शिकायचे असेल तर पुण्याच्या एमआयटीसारख्या खासगी संस्था आहेत, परंतु तेथील खर्चाचा हिशेब आधी करावा. आपल्या मुलीचे गणित चांगले आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून तिने जेईई द्यावी आणि त्याच वर्षी यूसीड व एनआयडीचीही परीक्षा द्यावी, असे मी सुचवेन. बी.डेस.ची चांगली जागा मिळाली तर ती घ्यावी. ती न मिळता नागपूरच्याच व्हीएनआयटीत यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, तर घराजवळ राहून चार वर्षे हात चालू ठेवावा आणि सीड या पदव्युत्तर डिझाइन प्रवेश परीक्षेमार्फत आयडीसीकडे वळावे. त्या वेळी यंत्राची समज तिच्या पदरात असेल. मात्र अभियांत्रिकी ‘सुरक्षित म्हणून’ लादू नये, कारण चार वर्षांत ज्यांचे चित्र सुटले, त्यांना सीडच्या वेळी ते पुन्हा धरणे फार जड जाते.

शिकवणी वर्गाने ‘युरोपीय शैली’साठी जादा शुल्काची जी वेगळी तुकडी सुचवली आहे, तिच्यात नाव घालू नये. त्यातल्या थोड्या पैशांत मॉडेलिंगची माती, दोन लोखंडी खरवडण्या, काळी चिकटपट्टी आणि वहीचे चांगले कागद येतील. चिकटपट्टी घराच्या मोकळ्या भिंतीवर लावून मुलीने गाडीची बाजू शक्य तेवढ्या मोठ्या आकारात काढावी, आणि आपण समोर उभे राहून रेघ कोठे लुळी पडते तेवढे सांगावे; कंपनीचे नाव मात्र घेऊ नये. यूसीड साधारणतः जानेवारीत होते आणि तिची नोंदणी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे तिच्याजवळ पुढचा उन्हाळा पूर्ण मोकळा आहे. मातीचे पहिले मॉडेल त्या सुट्टीतच करून घ्यावे. बारावीचे वर्ग सुरू झाल्यावर रोज अर्धा तास रेखाटनाव्यतिरिक्त तिच्याकडून काही मागू नये.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नागपूर