हिरवा रंग भरण्याआधी

प्रिय,

विकास योजनेच्या विशेष घटकात रचना सहायक म्हणून रुजू झालीस आणि पहिलंच काम तालुक्याच्या गावाच्या प्रारूप योजनेचं, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची याच्या मसुद्याचं, मिळालं, हे वाचून बरं वाटलं. मोठ्या शहरात एखाद्या पेठेची फाइल वाट्याला आली असती. इथे अख्खं गाव तुझ्या टेबलावर आहे.

गाव वाढवायचं आणि रानही राखायचं, हे कसं जमवायचं, असं तू विचारतेस. माझं मत आधीच सांगतो: नकाशात शेतीचा किंवा मोकळ्या जागेचा हिरवा रंग भरल्याने जमीन राहत नाही. थोडीच जमीन राखायला घे, पण ती का राखली हे मालकाला आणि नगरसेवकाला समोर बसवून सांगता आलं पाहिजे. आणि मालकाच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे.

सुरुवात ओढ्यांपासून कर. विद्यमान जमीन वापराचा नकाशा तुम्ही उपग्रहाच्या चित्रावरून कराल. उन्हाळ्यातलं चित्र असेल तर ओढा पाणंदीसारखा दिसतो, आणि प्लॉटिंगवाल्याने मुरूम टाकून बुजवला असेल तर दिसतच नाही. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा आणि टिपणं (जुन्या मोजणीचे कागद) काढ, आणि ओढा तिथे जसा आहे तसा तुझ्या नकाशावर घे. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीखाली नसलेली जमीन) वर्ग ब लिहिलेला दिसला तर तिथे थांब. रस्ता, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक कामाची जागा तिथे असू शकते.

नदीचं जरा वेगळं. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकाम नाही, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी घालून. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. 2005 मध्येही बुडाली होती. तरी पूररेषांना तिथे विरोध झालाच, आणि त्याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ज्याचं वाडवडिलांचं घर रेषेच्या आत आहे, त्याला पहिली भीती दुरुस्तीच्या परवानगीची असते. नव्या वस्तीला रेषेबाहेर ठेवणं आणि जुन्या वस्तीला जगू देणं, या दोन गोष्टी तुझ्या अहवालात वेगवेगळ्या लिही.

मग येते जमिनीची प्रत. आपली गावं पाण्याजवळ वसली, त्यामुळे गावठाणाला लागून असतं ते काळं रान, पुष्कळदा कालव्याखालचं बागायत. मुरमाड माळ लांब पडतो. वस्ती माळाकडे सरकवावी, हे बरोबरच; पण सगळा माळ पडीक धरू नकोस. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे ते अशाच गवताळ माळावर, आणि धनगरांची मेंढरं चरतात तीही तिथेच. गायरानाच्या बाबतीत तर जास्तच जप. फुकट जागा म्हणून कचरा डेपो, घरकुलं, बसस्थानक सगळं तिकडे ढकलायचा मोह प्रत्येक नगर परिषदेला होतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं आहे. त्या निकालाची प्रत फाइलला लावून ठेव, सभेत उपयोगी पडते. आणि बायपास आखशील तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांचं रान गेलंच असं धरून आख.

आता आरक्षणं, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या खासगी जागा. उद्यान, क्रीडांगण, हरित पट्टा असे शिक्के मारत सुटणं सोपं असतं. पण महाराष्ट्राच्या नगररचना अधिनियमाचं (एमआरटीपी) कलम 127 विसरू नकोस: अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर मालक नोटीस देतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरी हद्दीत मोबदला बाजारमूल्याच्या दुप्पट पडतो. लहान नगर परिषदेत पगाराची ओढाताण असते, मोबदला कुठून देणार? त्याऐवजी टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क) देऊ, असं कुणीतरी म्हणेलच. पुण्यात चालतो तो, कारण तिथे वाढीव चटई क्षेत्राला, म्हणजे जादा बांधकामाला, गिऱ्हाईक आहे (तिथेही टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात मोबदल्याचा वाद वर्षानुवर्षं चालला). तुझ्या गावात लोक मूळ चटई निर्देशांकच, म्हणजे भूखंडावर मुळात जेवढं बांधता येतं तेवढंही, पुरता वापरत नाहीत. तो कागद घेऊन मालक जाईल कुठे?

मला यापेक्षा नगररचना योजनेचा रस्ता पटतो. शेजारशेजारचे गट एकत्र घ्यायचे, रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, आणि प्रत्येकाला लहान पण चौरस, रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड परत द्यायचा. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ल्याच्या पत्त्यांत अजून टीपीएस (टाऊन प्लॅनिंग स्कीम) लिहिलेलं दिसतं, ती हीच पद्धत. जमीन थोडी जाते, भाव वाढतो, आणि ओढ्याकाठचा पट्टा मोबदल्याशिवाय मोकळा राहू शकतो. वेळखाऊ आहे, लवादापुढे भांडणं होतात. तरी गावाच्या एका कडेला, एका छोट्या क्षेत्रावर सुचवून बघ.

एक गोष्ट तुझ्यासारख्या पर्यावरणाची कळकळ असलेल्या मुलीला रुचणार नाही. रहिवास विभाग, म्हणजे नकाशातला पिवळा पट्टा, फार आखडता ठेवू नकोस. पिवळ्या पट्ट्यात भाव चढले की हमाल, रिक्षावाला, बांधकामावरचा गवंडी शेतीच्या हिरव्या पट्ट्यातला गुंठा-दोन गुंठे नोटरीवर घेतो. ना रस्ता, ना गटार. मग असे तुकडे नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा येतो. 2001 मध्ये आला, आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे भूखंड त्यात बसवता आले. म्हणजे ते हिरवं रान तर गेलंच, आणि त्या माणसाला धड वस्तीही मिळाली नाही. परवडणाऱ्या लहान भूखंडांना पिवळ्या पट्ट्यात पुरेशी जागा दाखव. काळं रान राखायला त्याची मदत कलमांहून जास्त होईल.

प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. नकाशा नगर परिषदेच्या भिंतीवर लावला म्हणजे लोकांनी पाहिला, असं नसतं. बाजाराच्या दिवशी तिथे उभी राहा, लोकांना त्यांचे गट नंबर शोधून दे. प्रत्येक हिरव्या गटासाठी कारणाचं एक टिपण आत्ताच लिहून ठेव, कारण नियोजन समितीपुढच्या सुनावणीत तुला एका हरकतीला पाच मिनिटंही मिळणार नाहीत. आणि पुढे शासनाकडून बदल सुचवले गेले, तर फाइलमध्ये निदान ते टिपण असेल.

जुन्या टिपणांच्या नकलांसाठी अर्ज याच आठवड्यात कर. त्यांना फार वेळ लागतो. मिळाल्या की मला कळव, पावसाळ्यात आपण ओढ्यांवरून एकदा चालून येऊ.

तुझा,
सर