खेड्यात राहून अंतराळयानाच्या प्लास्टिक किटमध्ये दिवे कसे बसवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मामेभावाने ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाचे प्लास्टिकचे किट पाठवले आहे, त्याच्या खिडक्या आणि इंजिने उजळलेली हवी आहेत, पण तुम्ही मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात राहता, तिथे असले सामान मिळत नाही, इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण नाही, आणि आधी जोडावे, आधी रंगवावे की आधी तारा ओढाव्यात हे उमगत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावी मोटार वाइंडिंगचे दुकान चालवतो. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी भरून देणे हा माझा धंदा आहे आणि याच यानाच्या दोन प्रतिकृती मी दिव्यांसह केल्या आहेत. पहिली बिघडली, दुसरी मनासारखी झाली. उत्तर त्या अनुभवावरून देतो.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करा. या कामात उजेड करणे सोपे आहे. जिथे नको तिथला उजेड अडवणे अवघड आहे. माझ्या पहिल्या यानात मी पांढरे एलईडी बसवले, भाग चिकटवले, बाहेरून सुरेख राखाडी रंग दिला आणि रात्री बटण दाबले. खिडक्या दिसल्याच नाहीत. लहान मुलाने टॉर्चवर तळहात धरला की सगळा पंजा जसा लालसर पेटलेला दिसतो, तशी यानाची अख्खी बशी, म्हणजे त्याचा वरचा गोल चपटा भाग, पेटली होती, आणि जोडाच्या फटीतून पांढरी रेघ गोल फिरली होती. किटचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असते आणि त्यातून उजेड आरपार येतो. बाहेरच्या रंगाने तो थांबत नाही. त्यामुळे दिव्यांचा विचार करण्याआधी प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला काळ्या मॅट रंगाचे दोन ते तीन हात द्या, ते पूर्ण वाळू द्या आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात द्या. काळा रंग उजेड अडवतो आणि पांढरा तो आतल्या आत परावर्तित करून सगळ्या खिडक्यांपर्यंत सारखा पोहोचवतो. यातला एकही थर गाळू नका.

मग भाग न चिकटवता रबराने एकत्र बांधा, आत एक एलईडी पेटता ठेवा आणि रात्री वीज गेलेली असताना, म्हणजे खोली खरोखर अंधारी असताना, यान चहूबाजूंनी पाहा. जिथे उजेड झिरपतो तिथे पेन्सिलीने खूण करा, सकाळी भाग उघडून त्या जागी पुन्हा काळा हात द्या. माझ्या दुसऱ्या यानाला हे पाच वेळा करावे लागले. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल फेविकॉलने आतून चिकटवली तर उजेड पूर्ण थांबतो, परंतु फॉइलमधून वीज वाहते; सोल्डरचा, म्हणजे वितळवलेल्या धातूने केलेला तारांचा उघडा जोड तिला टेकला तर शॉर्ट होतो, म्हणून फॉइल लावल्यास प्रत्येक जोडावर स्लीव्ह, म्हणजे वीज अडवणारी बारीक नळी, चढवणे आवश्यक आहे.

आता तारांचा मार्ग. एंटरप्राइझची रचना या बाबतीत मोठी कठीण आहे. वर बशी, तिला आधार देणारी बारीक मान, खाली नळकांड्यासारखे धड, आणि धडातून निघालेल्या दोन सडपातळ खांबांवर दोन लांब इंजिने. वीज स्टँडमधून धडात येते, तिथून मानेतून बशीत आणि खांबांतून इंजिनांत न्यावी लागते. हे खांब इतके पातळ असतात की साधी प्लास्टिक आवरणाची तार त्यांत मावत नाही. इथे आपल्या भागातली सोय कामी येते. कोणत्याही वाइंडिंगच्या दुकानात छताच्या पंख्याला वापरतात ती ३६ गेजची तांब्याची तार मागा. तिची जाडी सुमारे ०.१९ मिलिमीटर असते, वर एनॅमलचा थर असल्यामुळे दोन तारा एकमेकींना टेकल्या तरी चालते, आणि दहा मीटर तार कुणीही दुकानदार तुम्हाला नुसती देईल. खांबाच्या आतल्या बाजूला ब्लेडने बारीक खाच पाडून ती तार बसवली की बाहेरून काहीही कळत नाही. टोकावरचे एनॅमल मात्र ब्लेडने किंवा बारीक पॉलिश पेपरने नीट खरवडून तांबे चकचकीत दिसू द्या, कारण एनॅमलवर सोल्डर धरत नाही आणि वरून जोड लागल्यासारखा दिसतो. माझ्या पहिल्या यानात डाव्या इंजिनाचा दिवा आठ दिवसांत बंद पडला तो याच कारणाने, आणि तोवर सगळे चिकटवून झाले होते; हॅकसॉच्या पात्याने इंजिन उभे चिरण्याखेरीज उपाय उरला नाही.

तारा कुठून न्यायच्या हा प्रश्न मूळ यानालाही चुकला नाही. मालिकेच्या चित्रीकरणासाठी १९६४ मध्ये मॅट जेफरीज यांच्या आराखड्यावरून रिचर्ड डेटिन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी सुमारे ११ फूट लांबीची प्रतिकृती घडवली, तिच्यात दिवे नंतर बसवले गेले आणि त्यांच्या तारा डाव्या बाजूने आत घेतल्या गेल्या. ती बाजू त्यामुळे अपुरीच राहिली आणि यानाचे चित्रीकरण उजव्या बाजूनेच होत राहिले. आज ती प्रतिकृती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे. तुमच्या किटला दोन्ही बाजू सारख्या हव्यात, म्हणून तारांचा नकाशा चिकटवण्याआधी कागदावर काढा. मी स्वतः हे तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीवर शिकलो. भाच्याच्या नंदीच्या डोळ्यांत लाल दिवे बसवायचे होते. डोळ्यांपासून पोटापर्यंत भोक कसे न्यायचे हे ठरवण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि प्रत्यक्ष दिवे लावायला अर्धा तास लागला. तुमच्या घरी जुना नंदी असेल तर पहिला हात त्यावर बसवा; बाहेरून मागवलेले किट सरावासाठी नाही.

विजेचा हिशेब अवघड नाही. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लालला सुमारे २. उरलेले व्होल्ट रेझिस्टरने, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या छोट्या भागाने, खायचे असतात आणि एलईडीतून १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला तरी या कामाला तो भरपूर होतो. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालवायचे असेल तर प्रत्येक पांढऱ्या एलईडीला स्वतंत्र २२० ओहम आणि प्रत्येक लालला ३३० ओहमचा रेझिस्टर लावा. १२ व्होल्टवर चालवायचे असेल तर तीन पांढरे एलईडी एकामागे एक जोडा. त्यांचे ९ व्होल्ट होतात, उरलेल्या ३ साठी ३३० ओहमचा एक रेझिस्टर पुरतो. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. पाय कापले असतील तर एलईडीच्या कडेचा सपाट भाग ऋण बाजूला असतो. मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून टोके लावली की एलईडी मंद पेटतो, आणि सोल्डर केल्यावर, रंगाआधी व चिकटवण्याआधी अशा तिन्ही वेळी ही तपासणी करावी. एक गोष्ट कळकळीने सांगतो: आपण मोटारी तपासायला जो २३० व्होल्टचा सिरीज दिवा वापरतो, तो या कामाजवळ आणू नका. एलईडी तत्क्षणी जातो आणि इतक्या बारीक उघड्या जोडांशी तुमचा हातही धोक्यात येतो.

खेड्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्यामुळे तुम्ही पॉवर बँकेचा विचार कराल, पण पुष्कळ पॉवर बँका प्रवाह कमी असला की आपोआप बंद होतात आणि यानाचा प्रवाह सगळा मिळून शंभर-दीडशे मिलिअँपिअरच असतो. त्यापेक्षा बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपातली १२ व्होल्टची जुनी बॅटरी चांगली. कपाशीवर पूर्ण फवारणी होईपर्यंत जी आता टिकत नाही, ती यान कित्येक रात्री चालवते. पूर्ण चार्ज असताना तिचे व्होल्ट तेराच्या आसपास जातात. वरच्या हिशेबात तेवढी सवड धरलेली आहे. मात्र बॅटरीच्या धन टोकालगत अर्ध्या अँपिअरचा फ्यूज बसवल्याशिवाय जोडणी करू नका, कारण अशी बॅटरी शॉर्ट झाली तर वाइंडिंगची तार लालबुंद होऊन प्लास्टिक वितळवते.

खिडक्यांबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण यानाचा आकार मोठा भासणे किंवा खेळण्यासारखा वाटणे हे तिथेच ठरते. मालिकेतल्या यानाची लांबी २८९ मीटर मानतात. तुमचे किट १:१००० प्रमाणाचे असेल तर ते २९ सेंटिमीटरच्या जवळपास भरेल, आणि त्यात १ मिलिमीटरचे भोक म्हणजे १ मीटर रुंदीची खिडकी झाली. अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडले तरच ती माणसाच्या खिडकीएवढी वाटते. त्यासाठी हाताने फिरवण्याचे बारीक ड्रिल, ज्याला पिन व्हाइस म्हणतात, आणि ०.५ मिलिमीटरचे बिट ऑनलाइन मागवावे लागेल. हे इथे कुठेही मिळणार नाही. विजेचे ड्रिल वापरू नका, त्याच्या उष्णतेने प्लास्टिक वितळून भोकाभोवती कड चढते.

प्रत्येक भोकात ऑप्टिकल फायबरचा एकेक धागा घालायचा आणि आत सगळे धागे एकत्र बांधून एका एलईडीसमोर आणायचे. धागे मिळवायला शहरात जाण्याचीही गरज नाही. जत्रेत झुपक्यासारखा शोभेचा दिवा मिळतो, ज्याच्या प्रत्येक केसाच्या टोकाला रंगीत ठिपका चमकतो, त्यातले केस म्हणजे प्लास्टिकचे फायबरच असतात. माझ्या दुसऱ्या यानाच्या बशीतल्या सगळ्या खिडक्या तसल्या एका दिव्याच्या धाग्यांनी पेटतात. धागा भोकाला बसतो का हे आधी पाहून मग बिट निवडा. झटपट चिकटणारा सुपरग्लू फायबरला लावू नका. त्याने धागा ठिसूळ होऊन भोकाच्या तोंडाशीच तुटतो, आणि पारदर्शक भागांवर त्याची पांढरी वाफ बसते ती निघत नाही. दोन्ही ठिकाणी फेविकॉलच वापरा, तो वाळल्यावर पारदर्शक होतो. धागे बाहेर अर्धा इंच राहू द्या, बाहेरचा रंग पूर्ण झाल्यावर नव्या ब्लेडने पृष्ठभागालगत कापा. रंगाने माखलेले टोक त्याबरोबर निघून जाते आणि खिडकी लखलखीत होते. सगळ्या खिडक्या पेटवू नका. एवढ्या मोठ्या जहाजात काही खोल्या झोपलेल्या असणारच. तीनातली एक अंधारी ठेवली की यानात माणसे राहतात असे वाटू लागते. उजेड मंद आणि किंचित पिवळसर, म्हणजे वॉर्म व्हाइट, असावा.

इंजिनांच्या पुढच्या नारिंगी घुमटांत मूळ प्रतिकृतीत लुकलुकणारे बल्ब होते आणि मोटारीवर फिरणारी पाती होती. त्या जागी दिवाळीत मिळणाऱ्या बॅटरीच्या पणतीतला थरथरणारा पिवळा एलईडी काढून बसवा. त्याच्या पोटातच छोटे सर्किट असते, म्हणून तो दुसऱ्या एलईडीबरोबर ओळीत न जोडता स्वतंत्र रेझिस्टरवर चालवा. बशीच्या कडेला जहाजाप्रमाणेच डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा असतो. ते लुकलुकते हवे असतील तर ५५५ हा आयसी, १० किलोओहम व ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढ्यात सेकंदाला एक उघडझाप मिळते. कुठल्याही टीव्ही दुरुस्तीवाल्याला हे आकडे दाखवले तर तो जोडून देईल.

रंगाचा हंगाम पाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा स्प्रेचे थेंब हवेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि श्रावणातल्या दमट हवेत रंगावर दुधट छटा येते. तारांचे काम पावसाळ्यात करा, बाहेरचा रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत द्या. फर्निचरवाल्याकडचा एनसी थिनर पॉलिस्टायरिन विरघळवतो, तो टाळा. पूर्ण झालेले यान टिनाच्या छपराखाली उंच फळीवर ठेवू नका. उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेने इंजिनांचे खांब हळूहळू झुकतात.

क्रम विचारला होता तो असा: भोके, आतला काळा-पांढरा रंग, तारा व एलईडी, तपासणी, फायबर, पुन्हा तपासणी, मग चिकटवणे, बाहेरचा रंग, आणि शेवटी फायबर कापणे. स्टँडसाठी ६ मिलिमीटरची पितळी नळी घ्या, दोन्ही तारा तिच्यातून खाली न्या, आणि नळीच्या कापलेल्या तोंडाची धार कानशीने घासून घ्या, नाहीतर ती एनॅमल सोलते.

किटच्या खोक्यावर प्रमाण काय छापले आहे ते कृपया कळवा. १:३५० असेल तर यान ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे जाईल, बशीत एलईडीच्या पट्ट्या सरळ मावतील आणि फायबरची गरज बरीच कमी होईल. तेव्हा रेझिस्टरचा हिशेब वेगळा मांडून देईन.