चेरी पॉइंटचं कोळसा टर्मिनल लोकांच्या विरोधामुळे रद्द झालं का?

थेट विरोधामुळे नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात चेरी पॉइंटला होऊ घातलेल्या या 'गेटवे पॅसिफिक' टर्मिनलला मे २०१६ मध्ये परवानगी नाकारली गेली ती लमी या मूळ रहिवासी जमातीच्या मासेमारीच्या हक्कामुळे, आणि तो हक्क अमेरिकी सरकार आणि मूळ रहिवासी जमाती यांच्यातल्या १८५५ च्या पॉइंट इलियट करारातून आलेला आहे. वायोमिंग-मोंटानातून वर्षाला ४.८ कोटी टनांपर्यंत कोळसा रेल्वेने आणायचा आणि जहाजांनी आशियाला पाठवायचा, असा बेत होता. जवळच्या बेलिंगहॅम शहरात वाद पेटला तो कोळशाची धूळ, मालगाड्यांमुळे बंद राहणारी फाटकं आणि हेरिंग माशांची वीण यांवरून. कामगार संघटना मात्र नोकऱ्यांसाठी प्रकल्पाच्या बाजूने होत्या, आणि त्यांची गरजही खरी होती. लाखाहून जास्त हरकती-सूचना आल्या. तरीही पर्यावरण आढावा पूर्ण होण्याआधीच अशा धक्क्यांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने निर्णय दिला: धक्का आणि जहाजांची ये-जा यांमुळे लमींच्या पिढीजात मासेमारीच्या पाण्यात अडथळा येईल, म्हणून परवानगी देता येत नाही. माझ्या मते हाच खरा धडा घेण्याजोगा भाग आहे, कारण इथे नफा-तोटा तोलण्याची वेळच आली नाही.

फक्त करारातल्या हक्कामुळेच प्रकल्प थांबतो, हा नियम सगळीकडे लावू नका. त्याच राज्यातलं लाँगव्ह्यूचं कोळसा टर्मिनल २०१७ मध्ये पाण्याच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्र न मिळाल्याने अडलं, आणि अमेरिकी कोळसा कॅनडातल्या रॉबर्ट्स बँक बंदरातून पुढेही जातच राहिला.